तेल्याची वंशावळ

डाळिंबाचे पान तोडून उन्हाकडे धरावे. तेल्या रोग असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा डाग दिसतो. कागदावर तेलाचा थेंब पडून कागद जसा पारदर्शक व्हावा तसा तो असतो, आणि त्याच्या कडेने पिवळसर वलय असते. चार-सहा दिवसांत डाग काळपट होतो, शेजारच्या डागाला मिळतो आणि पान गळते. फांदीच्या पेऱ्यावर तो आला की साल तडकते आणि फांदी तिथेच मोडते. फळावर आला की इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकाराची भेग पडते आणि आतले लाल दाणे उघडे पडतात. असे फळ बाजारात कुणी हातात धरत नाही. उजनीच्या फुगवट्याकाठी करमाळा, माढा आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात, तसेच कालव्याखाली पंढरपूर, मंगळवेढ्यापर्यंत ज्यांनी डाळिंब लावले त्यांना हा डाग माहीत आहे. बहुतेक जण त्याचा दोष पावसाला, ढगाळ हवेला आणि नशिबाला देतात. पण या रोगाच्या जिवाणूचा वंश तपासला तर दुसरीच हकिगत समोर येते. तेल्या आपल्या शिवारात हवेतून आला नाही. तो आपण लावलेल्या रोपातून आला, आणि त्याचा इतिहास हा रोपे तयार करण्याच्या आणि विकण्याच्या धंद्याचा इतिहास आहे.

त्यासाठी आधी गावांकडे पाहावे लागते. भीमेवर उजनीला धरण होण्याआधी काठची ही गावे ज्वारीची होती. नदीलगतच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी, माळावर बाजरी, मटकी, हुलगा आणि विहिरीवर थोडा भाजीपाला. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि 1980 मध्ये ते पूर्ण झाले. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. हे पाणी उभे राहिले तेव्हा भीमेकाठची गावेच्या गावे बुडाली. पळसदेवचे जुने देऊळ आजही एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते आणि लोक ते पाहायला जातात. ज्यांची काळी रानं गेली ते वर माळावर सरकले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर कुणी पीक घेतले. पुढे वीज आली, मोटारी आल्या, काठावरून माळापर्यंत पाइपलाइन गेल्या. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हते तिथे ऊस उभा राहिला, नंतर केळी आली, आणि ज्याची जमीन हलकी, मुरमाड होती त्याने डाळिंब लावले. डाळिंबाला हलकी जमीन आणि कोरडी हवा मानवते, आणि ठिबकवर थोड्या पाण्यात ते येते. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून राज्यभर शेतकऱ्याला लागवडीला पैसे मिळू लागले. सांगोल्याच्या कोरड्या माळावर या योजनेने जे घडवले त्याचीच लाट उजनीकाठी आली.

या बदलातली एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्वारी बियाण्याची होती. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी 35-1 असो की घरचे गावरान बी, शेतकरी चांगली कणसे निवडून, राखेत घालून, कणगीत ठेवून पुढच्या वर्षी पेरत असे. एका शेतात ताट ताटासारखे दिसले तरी रक्ताने थोडे वेगळे असायचे. डाळिंबाचीही जुनी रीत तीच होती. पुण्याच्या आसपास आळंदी, वडकी या नावांनी ओळखली जाणारी डाळिंबे बियांपासून वाढलेली, म्हणून एक झाड दुसऱ्यासारखे नसे. कुणाचे गोड, कुणाचे आंबट, कुणाचा दाणा कठीण, कुणाचा मऊ. 1936 मध्ये पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी जातीच्या रोपांतून एक झाड निवडले. त्याच झाडाला पुढे 1970 मध्ये ‘गणेश’ हे नाव मिळाले. मऊ बियांचे, भरपूर उत्पन्नाचे हे डाळिंब महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. मग गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून मृदुला, आरक्ता आणि शेवटी भगवा आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भगवा प्रसारित केला तो 2003-04 च्या सुमारास. जाड सालीचा, गडद केशरी-लाल, दूरच्या बाजारापर्यंत टिकणारा, निर्यातीला चालणारा. शेतकऱ्याने तो घेतला यात काही चूक नव्हती. भावही त्यालाच होता. पण भगवा बियांपासून लावता येत नाही, कारण बीतून तो जसाच्या तसा उतरत नाही. म्हणून तो बहुतेक गुटीनेच लावला गेला.

गुटी बांधणे ही साधी, हातची कला आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची वर्षभराची फांदी घ्यायची, तिच्यावरची दोन-तीन सेंटिमीटर साल चाकूने गोल काढून टाकायची, उघड्या भागाला मुळे फुटण्याचे संजीवक लावायचे, ओले शेवाळ भरायचे आणि प्लास्टिकने घट्ट बांधायचे. महिना-सव्वा महिन्यात पांढरी मुळे दिसू लागतात. मग खालून फांदी कापायची आणि पिशवीत लावायची. ही फांदी नवे झाड नाही, ते जुनेच झाड आहे, फक्त दुसऱ्या पायावर उभे राहिलेले. भगव्याच्या लाखो झाडांचा वंश एकच, म्हणून एकाला जे लागते ते सगळ्यांना लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फांदी आपल्याबरोबर फक्त वाण आणत नाही. तिच्या सालीत, डोळ्यात, पेऱ्यावरच्या जुन्या जखमेत जे काही बसले आहे तेही आणते. तेल्याचा जिवाणू खोडात आणि डोळ्यात लक्षण न दाखवता राहू शकतो, हे आता पक्के माहीत आहे. म्हणजे डोळ्यांना निरोगी दिसणारी गुटी आपल्या पोटात रोग घेऊन पिशवीत, पिशवीतून टेम्पोत आणि टेम्पोतून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. जुन्या बागेत बहार फुकट गेला की झाडावर उरलेल्या फांद्यांच्या गुट्या बांधून चार पैसे काढणे हा अडचणीतल्या बागायतदाराचा नेहमीचा उपाय होता. त्याच्या गरजेवर बोट ठेवायचे नाही, पण रोगाची वाट हीच होती हे म्हणावेच लागते.

आता जिवाणूकडे येऊ. 1952 मध्ये हिंगोराणी आणि मेहता या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या डाळिंबावर हा रोग प्रथम नोंदवला, आणि 1959 मध्ये हिंगोराणी आणि सिंग यांनी त्याच्या जिवाणूला झँथोमोनास पुनिकी असे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांनी वर्गीकरण बदलत नेले आणि आता त्याला झँथोमोनास सिट्री या गटात बसवतात, म्हणजे कागदी लिंबावर खैऱ्या आणणाऱ्या जिवाणूचा तो भाऊबंद आहे. दिल्लीत नोंद झाल्यावर जवळपास चार दशके हा रोग फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग नव्वदच्या दशकात कर्नाटकात तो वाढला आणि 2003 पासून महाराष्ट्रात असा भडकला की 2006-07 पर्यंत अनेकांनी बागा मुळासकट उपटल्या. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 मध्ये उभे राहिले ते याच धामधुमीत. प्रश्न असा पडतो की जो जिवाणू इतकी वर्षे गप्प होता तो एकदम एवढा का उठला? तो बदलला, अधिक विषारी झाला, असे एक उत्तर देता येते. पण त्याची वंशावळ तसे सांगत नाही.

रोगाचे जिवाणू एका प्रदेशात फार जुने असतील तर त्यांच्यात अनेक घराणी तयार झालेली दिसतात. खैऱ्याचेच पाहा. 1827 ते 1831 या काळात भारतात गोळा करून लंडनजवळच्या क्यू येथे वाळवून ठेवलेल्या लिंबूवर्गीय पानांवर त्याचे डाग सापडले आहेत. इतका जुना मुक्काम असल्याने आशियात त्याचे अनेक प्रकार आढळतात. हाच खैऱ्या 1910 च्या सुमारास जपानहून आलेल्या रोपांबरोबर अमेरिकेत फ्लोरिडात गेला. तेल्याच्या जिवाणूच्या जनुकसंचाचे पहिले वाचन 2012 मध्ये चंदीगडच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, सुमारे 50 लाख अक्षरांचे. त्यानंतर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र अशा डाळिंबाच्या प्रदेशांतून नमुने घेऊन त्यांच्या ठरावीक जनुकांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले, तेव्हा इतक्या लांब पसरलेल्या रोगात मोजकेच प्रकार निघाले, आणि त्यातला एखादाच सगळीकडे वरचढ. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बागांमधला जिवाणू जवळजवळ एकच. हा पुरावा मला निर्णायक वाटतो. पावसाच्या थेंबाने जिवाणू या झाडावरून त्या झाडावर जातो, फार तर वादळी पावसात शेजारच्या शेतात जातो. पण नाशिकहून उजनीला आणि उजनीहून बागलकोटला पाऊस त्याला घेऊन जात नाही. प्रत्येक गावात रोग आपोआप उगवला असता तर प्रत्येक गावाच्या जिवाणूचा वंश वेगळा दिसायला हवा होता. इतका सारखा वंश इतक्या दूरवर पसरतो तेव्हा त्याला नेणारा माणूस असतो: रोप नेणारा, क्रेट नेणारा, एका बागेतली छाटणीची कात्री दुसऱ्या बागेत नेणारा.

एकाच झाडाच्या प्रती माणसाने दूरवर नेल्या की काय होते याचे जगात एक जुने उदाहरण आहे, आणि ते झाड आपल्या ओळखीच्या कुळातले आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी, गावाबाहेर उभा असतो तो वावळ, चपट्या पंखांच्या फळांचा. युरोपातला एल्म त्याच्याच कुळातला. इंग्लंडमधला एल्म बियांनी फारसा वाढत नाही, मुळांपासून फुटणाऱ्या कोंबांनी वाढतो. 2004 मध्ये स्पेनच्या शास्त्रज्ञांनी त्याचे वंशपरीक्षण केले तेव्हा इटली, स्पेन आणि इंग्लंड या देशांतला हा एल्म एकाच झाडाची पुनरावृत्ती निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माळ्यांनी द्राक्षवेल चढवण्यासाठी हा वावळासारखा वृक्ष कोंबांनी लावत लावत सगळीकडे नेला होता, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कोलुमेला या लेखकाने त्या लागवडीची शिफारस करून ठेवली आहे. 1970 च्या दशकात बुरशीचा रोग आला आणि ब्रिटनमधली अडीच कोटींहून जास्त झाडे मेली, आणि या एकसारख्या एल्ममध्ये तर प्रतिकाराला एकही वेगळे झाड उभे नव्हते. तिथे बुरशी होती, इथे जिवाणू आहे. झाडाचा एकसारखेपणा मात्र तोच.

यावर पहिला आक्षेप असा की सगळा दोष रोपांना कशाला? उजनीचे पाणी आले, दमट हवा आली, म्हणून रोग आला. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. तेल्याला तीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि ओली हवा मानवते, आणि पानावर पाणी साचले की तो झपाट्याने पसरतो. पण सांगोला आणि आटपाडीसारख्या, धरणापासून दूर असलेल्या कोरड्या तालुक्यांतही तेल्याने बागा तितक्याच उद्ध्वस्त केल्या, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातही. पाणी रोगाला वाव देते, पण रोगाचे बीज पाण्यात नसते. उलट काठच्या शेतकऱ्याला पाण्याने जो पर्याय दिला तो कोरड्या माळाला मिळाला नाही. डाळिंबाला वर्षात तीन बहार धरता येतात: पावसावर मृग, पावसाच्या शेवटी हस्त, आणि थंडीनंतर आंबे बहार. मृग बहाराची कोवळी फळे नेमकी पावसात सापडतात आणि तेल्याला सर्वांत जास्त बळी पडतात. ज्याच्याकडे पाण्याची खात्री आहे त्याला पाणी तोडून झाडाला ताण देता येतो, पानगळ करून हस्त किंवा आंबे बहार धरता येतो आणि फळे कोरड्या हवेत वाढवता येतात. उजनीचे पाणी या अर्थाने औषधच होते. मात्र त्याचा दुसरा परिणामही झाला. पाणी वर्षभर मिळते म्हणून एकाने मृग धरला, शेजाऱ्याने हस्त, तिसऱ्याने आंबे बहार. शिवारात कुठे ना कुठे कोवळी पालवी आणि फळ कायम राहिले. जिवाणूला उपवास घडला नाही. ज्वारीच्या काळात उन्हाळ्यात सगळे शिवार एकदम रिकामे होत असे आणि पिकाबरोबर किडी-रोगाचीही साखळी तुटत असे. डाळिंबाच्या बारमाही शिवारात ती विश्रांती गेली. पुन्हा मिळवायची तर गावाने एकत्र बसून बहार एक ठरवावा लागेल.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूचा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील अभ्यासात जिवाणूच्या जनुकीय ठशांत आणि मारक शक्तीत काही फरक दिसले होते, मग वैविध्य कमी कसे म्हणावे? हे खरे आहे. पण वंशाचे मोठे घराणे एक असणे आणि घरातल्या भावंडांचे स्वभाव थोडे वेगळे असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. जिवाणू दर पिढीला थोडे बदलतात, एकमेकांकडून जनुके उसनी घेतात, आणि झाडाच्या प्रतिकारशक्तीला झोपवणारी प्रथिने कमीअधिक बदलतात. या फरकांनी रोग पसरण्याचा मार्ग बदलत नाही. वंशावळीच्या मोठ्या फांद्या मोजक्याच राहतात, आणि माझा मुद्दा त्या फांद्यांपुरता आहे.

तिसरा आक्षेप मात्र मनापासून ऐकावा असा आहे. जिवाणू एकसारखा आहे तर त्याच्यावर एकच रामबाण उपाय का सापडू नये? याचे उत्तर झाडात आहे. भगवा, गणेश, मृदुला यांच्यात पूर्ण प्रतिकार नाही, आणि ज्या जातीत थोडा दिसतो तिची फळे बाजाराला चालत नाहीत. सोलापूरच्या केंद्राने हिमालयातल्या जंगली ‘दारू’ डाळिंबापर्यंत रक्त शोधत नेले. 2017 चा ‘सोलापूर लाल’ हा संकर भगवा, गणेश, नाना आणि दारू या चौघांच्या मिश्रणातून आला आहे. त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे, पण तेल्याला पूर्ण दाद न देणारे झाड अजून हाती आलेले नाही. तोपर्यंत बोर्डो मिश्रणच कामी येते. 1885 मध्ये फ्रान्सच्या मियार्देने द्राक्षासाठी शोधलेले हे मोरचूद आणि चुन्याचे द्रावण आपल्या बागायतदाराला तोंडपाठ आहे, आणि त्यात लोखंडी पाते बुडवून तांबूस होते का हे पाहण्याची खूणही. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके मात्र शेतातून काढून घ्यायचा आदेश केंद्र सरकारने 2021 च्या अखेरीस काढला, आणि तो योग्य आहे. माणसाच्या औषधाला जिवाणू सरावले तर दवाखान्यात उपाय उरणार नाही.

उरतो रोपाचा प्रश्न. ऊतीसंवर्धनाची रोपे आली तेव्हा तेल्याची वाट एका जागी बंद झाली, कारण कोंबाच्या टोकातून प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपात जिवाणू येण्याची शक्यता फार कमी असते. तरी एकसारखेपणा त्याने संपवला नाही, उलट वाढवला. कंदरसारख्या उजनीकाठच्या केळीच्या गावांत ऊतीसंवर्धनाची जी-नाईन केळी लागते तिचे प्रत्येक रोप दुसऱ्याची प्रत असते. उत्पन्न भरघोस येते, आणि रोग आला की सगळ्यांना एकदम येतो. म्हणून रोगमुक्त रोपे आणि वाणांची मिसळ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. एकाच शेतात भगव्याबरोबर दुसऱ्या वाणाच्या काही ओळी ठेवल्या तर बाजारात थोडी अडचण होईल, पण पुढच्या पिढीच्या संकराला काही रक्त शिल्लक राहील.

2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे फळाच्या जागेची नोंद झाली. रोपाच्या जागेची नोंद मात्र बहुतेक बागांत नाही. ही गुटी कोणत्या मातृझाडाची, त्या बागेत तेल्या होता का, विकणाऱ्याने ते सांगितले का, हे बागायतदाराला ठाऊक नसते. जिवाणूची नोंद मात्र आहे: पन्नासच्या दशकात भारतातल्या डाळिंबावरून काढलेला जिवाणूचा मूळ नमुना बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या संग्रहात आजही जिवंत ठेवलेला आहे, एलएमजी 859 या क्रमांकाने. उजनीकाठी यंदा नवी बाग लावणाऱ्याने एवढे तरी करावे: गुटीचे बिल घ्यावे, त्यावर मातृबागेचे गाव आणि शेताचा गट क्रमांक लिहून घ्यावा, आणि तो कागद सातबाऱ्यासारखा जपून ठेवावा.